कुलूप असताना सोडलेलं पाणी

शटर अर्ध्यावर ओढ, विल्किन. पूर्ण नको, मला गुदमरतं. आणि ते स्केटचे बूट आधी माझ्या खुर्चीवरून उचल. त्या खुर्चीवर गिऱ्हाईक डोकं टेकतं. उद्या हिकरी हिलच्या रिंकवर जाणार म्हणतोस? जा बाबा. पोरीसमोर शायनिंग मारायला जाशील आणि ढुंगणावर आपटून येशील. मी मात्र तिथे पाऊल टाकणार नाही, कोणी सोन्याचे बूट दिले तरी.

दारिओ, दात काढू नकोस. "तिओ अबेलार्दोला थंडी सोसत नाही," म्हणे! हा काका सांतियागोहून न्यूयॉर्कला आला तेव्हा तुझा बाप चड्डीत मुतत होता. थंडी नाही रे. किळस येते मला. सारं आयुष्य या दुकानात लोकांचे केस झाडण्यात गेलं. केसाची किळस असती तर उपाशी मेलो असतो. पण तिथले केस...

थांबा. कॉफी ओता आधी. साखर हात सोडून घाला.

ओस्वाल्दो तेहादाला ओळखता तुम्ही. तो रे, येलिसाचा बाप, फार्मसीच्या वर राहतो तो. उन्हाळ्यात हिकरी हिलच्या पोहण्याच्या तलावावर नोकरी, हिवाळ्यात त्याच जागी रिंकवर. सप्टेंबरात तलावाचं पाणी सोडतात, तळ घासतात, काँक्रीटमधल्या नळ्या चालू करतात आणि जिथे पोरं डुंबत होती तिथे चार बोटं बर्फ धरतात. त्याच बर्फावर तुमच्या पोरी पांढरे मोजे घालून गिरक्या घेतात. तळ कितीही घासा, मला विचाराल तर ती उन्हाळ्याची घाण कुठे जात नाही.

ऑगस्टमधला तो तलाव आठवा. हजार माणसं टाकून उकळलेला सांकोचोचा रस्सा! वर मलमांचा तवंग, खाली थुंकी, आणि पोरं आत काय काय करतात ते सांगायला लावू नका. दारावरचा माणूस टी-शर्ट पांढरा आहे ना ते बघतो, स्वतःचं कुलूप आणलंय का ते बघतो. कुलूप नसेल तर आल्या पावली परत. पायाला खरूज असेल तर मात्र या, बसा. पंपाच्या अलीकडे एक जाळीची टोपली असते, केस अडकवायला. ओस्वाल्दो ती रोज हाताने उपसायचा. ओला, बुळबुळीत गोळा निघायचा, त्यात जखमेच्या पट्ट्या चिकटलेल्या, एखादीवर रक्तसुद्धा. हे तो मला दाढी करून घेताना सांगायचा. माझं दुपारचं जेवण जायचं.

तिथे पूर्वी मुकादम होते मिस्टर ब्रॅथवेट. बार्बेडोसचा माणूस, दारासारखा रुंद. त्यांचा एकच नियम. कुलूप लागलेलं आहे, तोवर पाण्यात माणूस आहे. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ते लॉकरच्या सगळ्या रांगा हाताने चाचपत जायचे. एक जरी कुलूप लटकलेलं दिसलं, तरी मालक सापडेपर्यंत पाणी सोडू द्यायचे नाहीत. एका वर्षी त्यापायी आठवडाभर अख्खा तलाव अडवून बसले. शेवटी मालक निघाला एक टॅक्सीवाला, ओल्या चड्डीत तसाच घरी गेलेला. सगळे पोट धरून हसले. ब्रॅथवेट हसले नाहीत. म्हणाले, "हा निघाला. बरं झालं."

ते निवृत्त झाले आणि नवा साहेब आला. टाय लावून तलावावर यायचा, यावरून काय ते समजा. यंदा बर्फ लवकर पाहिजे, असा वरून हुकूम सुटला होता. ओस्वाल्दो म्हणाला, "साहेब, आधी लॉकर बघून घेऊ."

"कशाला?"

"कुलूप राहिलं असेल तर..."

"अरे, माणूस बुडाला असता तर तरंगला नसता का? तुम्ही लोक फार भोळे बुवा. सोड पाणी."

साहेबाचं बोलणं चुकीचं होतं का? नव्हतं. दिवसभर सूर्यप्रकाशात तळ दिसत होता. ओस्वाल्दोने व्हॉल्व्ह फिरवला. तलाव रिकामा झाला. तळाला पोहण्याचे चष्मे, कंगवे, कोणाची तरी कवळी. माणूस नाही.

मग लॉकर उघडायला घेतले. बायकांच्या बाजूला, शेवटच्या रांगेत एक कुलूप निघालं. लोखंड कापायच्या कात्रीने तोडलं. आत घडी घातलेला झगा, चपला, एक टॉवेल. टॉवेल कोरडा होता. अंग पुसायला कोणी परत आलंच नव्हतं.

पोलिसांना विचारलं. हरवल्याची कोणाची तक्रार नाही. साहेबाने ते सगळं कचऱ्यात टाकायला लावलं, आणि ओस्वाल्दोने टाकलं.

आता येलिसाचं सांगतो, कारण गोष्ट तिचीच आहे. ती पोर पाच वर्षांची असल्यापासून त्या बर्फावर. घरात पास्तेलितो तळताना आईच्या पायात गिरक्या घ्यायची. त्या डिसेंबरात मुलींच्या संघासाठी परीक्षा होती. निवडली गेली तर शिकवणी, प्रवास, बूट, सगळं संघाचं. नाही तर संपलं, कारण पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं. पोरीने जेवण सोडलं होतं काळजीने.

आणि आठवडाभर पाऊस. डिसेंबरात पाऊस! बर्फाचा नुसता लगदा झाला. साहेब म्हणाला, परीक्षा रद्द करू. ओस्वाल्दोने हात जोडले. "रात्रभर थांबतो. सकाळी आरशासारखा बर्फ देतो."

डिसेंबरातला तिसरा शुक्रवार, पंधरा तारीख. संध्याकाळी पाऊस थांबला, आभाळ उघडलं आणि थंडी पडली. ओस्वाल्दो थर्मास घेऊन एकटाच गेला. काम साधं. बर्फ खरवडायची गाडी फिरवायची, वरचा खराब थर काढायचा, मागून गरम पाण्याचा पातळ थर सोडायचा. तो गोठला की पुन्हा. पहाटेपर्यंत हेच.

पहिली फेरी झाली. गाडीच्या पेटीतला चुरा त्याने मागे कुंपणाशी ओतला. बघतो तर चुऱ्यात काहीतरी राखाडी.

केस. लांबच लांब.

त्याला वाटलं, तळ नीट घासला नसेल. हातमोजा काढून ओढला. येतोय... येतोय... संपेना. शेवटी एक पट्टी आली, टाचेला लावतात तसली, आतून पिवळी. वास आला. वर क्लोरिनचा आणि त्याखाली फुलदाणीत कुजलेल्या पाण्याचा. त्याने फावड्याने सगळं लोटलं, हात पँटला पुसला आणि गाडी पुन्हा काढली.

दुसरी फेरी. पेटी ओतली. पुन्हा केस. आता मूठभर.

आणि गरम.

स्वतःशी म्हणाला, गाडीतलं गरम पाणी लागलं असेल. पण चुरा पाण्याच्या आधी निघतो, ते त्याला माहीत होतं. बर्फाचा चुरा, हाडं गोठवणारी रात्र, आणि केस गरम... विल्किन, मी न्हावी आहे. हे माझ्याकडून ऐक. कापलेला केस जमिनीवर पडेपर्यंत गार होतो. केस गरम असतो तो डोक्यावर आहे तोवरच.

तो बर्फावर गेला. तलावाची खोल बाजू होती ना पूर्वी, तिथे. बर्फातून केसांची बट वर आली होती. वाऱ्यावर हलत होती. म्हणजे, त्याला आधी वाटलं वाऱ्यावर. वारा नव्हता.

त्याने धरली. ओढली.

खालून कोणीतरी परत ओढली.

...

हसू नकोस, दारिओ.

टॉर्च लावला त्याने. बर्फाखाली दोन तळवे दिसले. पायांचे. खालून बर्फाला टेकलेले, जणू कोणी उलटं उभं आहे. पांढरे. फुगलेले. फार वेळ पाण्यात राहिल्यावर होतात तसे, कातडी सुटत आलेली. चार बोटं बर्फ, त्याखाली काँक्रीट. माणूस मावायला जागा कुठे होती?

तो एक पाऊल मागे आला. तळवे एक पाऊल आले. तो थांबला. ते थांबले.

तो धावत कडेला आला. मग ब्रॅथवेटना फोन लावला. म्हातारा जागा होता.

"कुलूप होतं?" एवढंच विचारलं त्यांनी.

"होतं. बायकांच्या बाजूला."

"पाणी आधी सोडलंत?"

"...हो."

"मग वेळ घालवू नकोस. नळ्या बंद कर. बर्फ वितळू दे. तलाव पुन्हा भर. ती तिच्या पायांनी बाहेर येईल, तू तिकडे पाठ करून उभा राहा."

"मिस्टर ब्रॅथवेट, सकाळी माझ्या पोरीची परीक्षा आहे."

 

"ती बाई पण कोणाची तरी पोर आहे, तेहादा," म्हणाले, आणि फोन ठेवला.

किती वेळ बसला असेल, त्यालाच ठाऊक. नळ्यांचं बटण हाताशी होतं. मग डोळ्यांसमोर येलिसा आली, न खाल्लेलं ताट पुढे घेऊन बसलेली. आणि तो उठला.

गाडीत चढला. पाणी सोडलं. त्या केसांवरून.

थर गोठला. बट वर आली. पुन्हा खरवडली. पात्याखाली केस तुटताना आवाज येत होता, म्हणाला. करकर. पुन्हा पाणी. पुन्हा थर. खालून टकटक... जरा वेळाने हळू... मग नाही.

पहाटे बर्फ आरशासारखा झाला होता.

परीक्षेला मी गेलो नव्हतो, पण मिर्ता, तिची आई, सांगते की पोर पाखरासारखी फिरली. एकदाच पडली. खोल बाजूला. दोन्ही हात बर्फावर सपाट टेकले, आणि क्षणभर तिला ते उचलता येईनात. ओस्वाल्दो कठड्यावरून ओरडला. मग उठली, गिरकी पूर्ण केली. निवडली गेली! अख्ख्या गल्लीत दुल्से, दुधाच्या गोड वड्या, वाटल्या. बाहेर आल्यावर बापाला म्हणाली, "पपी, तिथे बर्फ गरम होता."

तेव्हापासून ओस्वाल्दो माझ्याकडे दाढीला येतो तेव्हा डोळे मिटत नाही. मार्चमध्ये बर्फ काढला तेव्हा तो स्वतः खाली उतरला, गुडघ्यांवर बसून सगळा तळ हाताने चाचपला. काही नाही. गेल्या उन्हाळ्यात तलाव भरला तेव्हा कितीदा तरी रात्री पाण्याकडे पाठ करून उभा राहिला. कोणी आलं नाही. त्याला वाटतं, उशीर झाला.

मलाही वाटायचं, थकलेल्या बापाचे भास असतील. पण परवा येलिसा बापाबरोबर आली, केसांची टोकं कापून घ्यायला. हातमोजे घालूनच बसली. मी म्हटलं, "काढ की गं, दुकानात हीटर आहे." ती बापाकडे बघायला लागली. मग काढले.

बोटांची टोकं पांढरी. फुगलेली, सुरकुतलेली. तुम्ही तासभर पाण्यात बसलात तर होतात तशी. मी विचारलं, भांडी घासून आलीस का? म्हणाली, "नाही तिओ. परीक्षेपासून असंच आहे. सुकतच नाहीत." डॉक्टर झाले, मलमं झाली. मी तिचा हात हातात घेतला. मऊ, गिळगिळीत, आतून थंडगार. देव मला क्षमा करो, मला शिसारी आली, आणि पोरीला ती दिसली.  ती हातमोजे चढवायला लागली.

तेव्हा मला नीट दिसलं. मला आधी वाटलं होतं नुसती टोकं आहेत.

मनगटापर्यंत आलं आहे.