नवाबचं चाक

पिंपरी कॅम्पाच्या तोंडाशी कादरभाईचं पत्र्याचं दुकान. तिथं नवाब शिरला तो जेवणाच्या डब्याच्या निखळलेल्या कडीला कथलाचा डाग लावून घ्यायला. साल अठ्ठावन्न. नाव नवाब, आणि शर्टाला दोन बटणं कमी.

कादरभाईची नजर गेल्यापासून कात्री त्यांची लेक कमरुन्निसा चालवी. सव्वीस सरलेली. स्थळं यायची, बापही सोबत येईल म्हटलं की चहा टाकून उठायची. आता तिला त्याचं वाईटसुद्धा वाटेनासं झालं होतं.

नवाबनं तिचा हात चालताना पाहिला, अन् दुसऱ्या दिवशी एका चाकाचा नकाशा घेऊनच आला. ऑक्सिजनच्या कारखान्यात तो कच्च्या नोकरीवर होता. दाबलेली हवा चाकाच्या कडेनं आत घ्यायची, वाकड्या पात्यांवरून ढकलायची, मधून बाहेर सोडायची... चाक फिरतं, हवा गार होते. किती हवेला किती फेरे, ते त्यानं कागदावर मांडलेलं. नमुना तेवढा हिनं करायचा.

केला. चाक फिरलं, पण कागदावरच्या आकड्याच्या निम्मंच.

मग पंधरा दिवस तो रोज संध्याकाळी येऊन तीच गणितं करत बसे. डोळे खोल गेले. शनिवारपर्यंत जमलं नाही तर नोकरी गेली, गाव गाठायचं. कमरुन्निसा चहा पुढं करी आणि बोलणं गिळी. लोहाराच्या भात्याचे पंखे तिनं शेकड्यानं केलेले. त्यात हवा मधून शिरते, कडेनं निघते. नकाशा पाहून तिला वाटलं, शिकलेला माणूस चुकला. म्हणून पाती तिनं गुपचूप उलटी वळवली. चूक आपलीच, हे त्याचं बोलणं ऐकता ऐकता कळलं. पण सांगितलं तर हातावरचा भरवसा जायचा, आणि त्यावाचून तिच्याकडं होतं काय?

शुक्रवारी तो म्हणाला, "माझंच डोकं कमी पडलं."

"डोकं नाही... पाती मी उलटी वळवली. तुमचा नकाशा सुधारला मी."

तो दमल्या माणसासारखा हसला. "पंधरा दिवस, कमरबी?"

"रागवा ना."

"रागवायला अंगात जीव कुठाय? कात्री घ्या."

पत्रा त्यानं धरला, तिनं वळवला. बोटाला बोट लागलं — कुणीच मागं घेतलं नाही.

शनिवारी दुपारी तो आला. कारखान्यात चाक कागदापेक्षा जरासं कमी फिरलं, पण साहेबानं मान हलवली, नोकरी पक्की.

"म्हणजे आता इकडं काम नाही उरलं," ती म्हणाली.

"काम नाही. अब्बांना विचारायचंय... तुम्हा दोघांत तिसरा चालेल का?"

तिनं हात पुसले. "अब्बा पहाटेपासून खोकतात. आणि मी दमले की कुणाशी बोलत नाही."

"मीही नाही बोलत."

"मग जमेल," ती म्हणाली, आणि भर दुपारी, दुकान उघडं असताना, त्याच्या शेजारी येऊन बसली.