सकाळी नापास होणारी चाचणी

लिफ्ट बंद होती. जिन्यात एक उंच माणूस दोन्ही काखांत मॉनिटर धरून धापा टाकत उभा होता.

"चाचणी विभाग?"

"अजून वर. एक द्या इकडे."

"तिथल्या जुन्या चाचण्या मोडीत काढायला आलोय मी."

"त्या मी लिहिल्यात."

तो ओशाळला. "मग... मॉनिटर परत द्या. तुमच्याकडून मदत घेणं बरं दिसत नाही."

मी हसले. बाबांना पक्षाघात झाल्यापासून हसणं सुटलंच होतं.

आमचं सॉफ्टवेअर रुग्णवाहिका पाठवायचं. सगळ्यांत जवळची गाडी शोधणारी नवी आवृत्ती अडकून पडली होती, कारण आमच्या चाचण्या एकाच जुनाट मशिनवर एकमेकींच्या पायात पाय घालत चालायच्या. पाहुण्याने – बाहेरून कामापुरता आलेला म्हणून ऑफिसात सगळे त्याला पाहुणाच म्हणत – प्रत्येक चाचणीला वेगळा कंटेनर दिला. कोरी जागा; काम झालं की पुसून टाकायची.

"मागचं काहीच उरत नाही?" मी विचारलं.

"चाचणीचं नाही उरत," माझ्या डोळ्यांवर ऊन येतंय हे पाहून पडदा ओढत तो म्हणाला. "माणसांचं सांगता येत नाही."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलं नाही. सगळ्या चाचण्या पास झाल्या की तो त्याच्या गावी, आईकडे परतणार होता. एकच उरली होती – दुपारी पास, सकाळी नापास.

एका सकाळी मला कारण सापडलं. कंटेनरमधलं घड्याळ परक्या देशाच्या वेळेवर चालत होतं. इथे नवा दिवस उजाडला तरी तिथे कालचीच तारीख. एका ओळीचं काम. पण हात थबकला... ही ओळ लिहिली की तो जाणार.

मग बाबा आठवले. त्या दिवशी रुग्णवाहिका शहराच्या पार दुसऱ्या टोकाहून आली होती. मी ओळ लिहिली.

"सापडलं," मी म्हणाले.

त्याने स्क्रीनकडे पाहिलंच नाही. "घड्याळ ना?"

"तुला माहीत होतं?"

"परवापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर... कालचा दिवस मिळाला नसता."

क्षणभर बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचाच राग आला.

"कुणीतरी गाडीची वाट बघत असतं रे. माझे बाबा बघत होते."

त्याचा चेहरा उतरला. एकही सबब न सांगता तो उठला आणि थेट आमच्या विभागप्रमुख मॅडमच्या केबिनमध्ये गेला. काचेतून दिसत होतं – तो खाली मान घालून सांगत होता, त्या बोलत होत्या, बराच वेळ. बाहेर आला तेव्हा कान लाल झाले होते.

नवी आवृत्ती सुरू झाली, त्याच दिवशी तो निरोप घ्यायला आला.

"राग गेला?"

"सगळा नाही."

"मग... निघू?"

"नीघ. पण परत ये. कामाचं निमित्त काढून नको."

"मग कशासाठी?"

"बाबांना भेटायला." माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "ते अडखळत बोलतात. वाक्य पुरं होईपर्यंत थांबावं लागतं."

"थांबेन."

मग बॅग खाली ठेवून तो म्हणाला, "माझी गाडी संध्याकाळची आहे. बाबा आत्ता जागे असतील?"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि पर्स उचलली.