कोपऱ्यात स्पष्ट दिसलेला हात

ही घटना खरी आहे. लेन्स तपासण्यात माझं आयुष्य गेलं. डोळ्यांना काही वेगळं दिसलं, की मी आधी काचेतला दोष शोधतो. इथेही शोधला.

तो सापडला नाही.

गेल्या नोव्हेंबरातली संध्याकाळ. सुवा सरोवराच्या काठी माझी थोरली बहीण फुमिए एकटीच राहते. इवाओ भाऊजी जाऊन तीन वर्षं झाली. तिला स्वतःच्या अंत्यविधीसाठी फोटो काढून हवा होता. आमच्याकडे जपानात बरेच जण तो जिवंतपणीच काढून ठेवतात.

"तुझी ती भारी लेन्स नको हं, तोशी," ताई म्हणाली. "मागच्या वेळी सुरकुती न् सुरकुती टिपलीस. लोक रडायला येणार, की मला बघून दचकायला?"

म्हणून जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानातल्या भंगाराच्या टोपलीतून उचललेली एक स्वस्त लेन्स मी नेली होती. मुळात ती सीसीटीव्ही कॅमेऱ्याची; पण जोडकडी, म्हणजे अडॅप्टर, लावला, की माझ्यासारख्या मिररलेस कॅमेऱ्यावर जवळजवळ काहीही बसतं. मध्यभागी ती बरी आहे. कडांना मात्र सगळं धूसर, भोवऱ्यासारखं फिरलेलं. त्या दोषामुळेच चेहरा मऊ येतो.

ताई खिडकीपाशी खुर्चीत बसली. मी पहिला फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठा करून पाहिला...

चेहरा छान आला होता.

पण डाव्या कोपऱ्यात, जिथे मागची भिंतसुद्धा विरघळली होती, तिथे काहीतरी लख्ख स्पष्ट होतं.

कोटाची बाही.

मी मान वर केली. तिथे भिंत होती. फक्त भिंत.

लेन्स काढली, पुसली, पुन्हा बसवली. दुसरा फोटो.

बाही आता कोपऱ्यात नव्हती. ती ताईच्या दिशेने सरकली होती... आणि बाहीतून हात बाहेर आला होता.

त्या लेन्सला त्या जागी इतकं स्पष्ट दाखवता येत नाही. हे माझं मत नव्हे. तिच्या काचेचा आकारच तसा आहे.

"काय रे, एवढी वाईट दिसते का मी?" ताईने कॅमेरा ओढून घेतला.

पाहिलं.

खोलीत रॉकेलच्या हीटरची घरघर चालू होती. ती... थांबली.

ज्योत मात्र जळत होती.

"आणखी एक काढ," ताई म्हणाली.

"नको, ताई."

"आलंय ना कुणीतरी? मग काढ."

तिला भाऊजी आल्यासारखं वाटतंय, असा मी अर्थ लावला. कॅमेरा परत घेतला आणि पडद्यावरचा हात मोठा केला. भाऊजींच्या उजव्या हाताची तर्जनी कारखान्यात अर्धी तुटली होती. हा उजवाच हात होता.

पाचही बोटं शाबूत होती.

फोटोगणिक तो माणूस तिच्या जवळ येत होता. गप्प राहणं शक्य नव्हतं.

"ताई, हे भाऊजी नाहीत."

"माहितीये." तिचा आवाज अगदी शांत होता. "शेवटचं वर्षभर त्यांची नखं मीच कापत होते. मला त्यांचा हात ओळखता येत नाही होय?"

"मग?"

"मग काय? या घरात दुसरं येतं कोण? तू उगवतोस वर्षातून एकदा, तोही डोळ्याला कॅमेरा लावून. काढ म्हणते ना!"

मी बटण दाबलं. का, ते मला आजही नीट मांडता येत नाही.

तिसरा फोटो कडांना धूसर आला. नियमाप्रमाणे. बाही नाही. हात नाही. घरघर पुन्हा सुरू झाली होती.

ताईचा चेहरा उतरला. "घालवलंस त्याला," एवढंच म्हणाली.

मी कॅमेरा आवरला आणि मात्सुमोतोला घरी परतलो.

परवा तिचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली,

"तोशी, घर फार रिकामं वाटतंय रे. आधी इतकं वाटायचं नाही. तुझ्याकडे तर नाही ना आला तो?"

"नाही," मी म्हणालो.

कॅमेरा समोर टेबलावर आहे. ती लेन्स अजून त्यावरच आहे. चालू करून खोलीचा एक फोटो काढायचा, इतकं सोपं काम.

आयुष्यात पहिल्यांदाच मी न तपासता उत्तर दिलं आहे.