आप्पांचं बिनवासाचं जेल

आप्पांनी गुडघ्याला जेल लावलं की केंद्रात हवा बिघडल्याचा भोंगा वाजायचा. मालवणच्या समुद्रात साठ फूट खोल असलेल्या त्या संशोधन केंद्रात तीच ती हवा गाळून वापरत, त्यामुळे जेलमधल्या कापराचा एवढासा वासही दोन-दोन दिवस मुक्काम ठोकायचा. शेवटी जेलवर बंदी आली आणि गुडघा पुन्हा रुसला.

आता पंचाईत झाली. आप्पा पोवळ्यांचे शास्त्रज्ञ. अकरा वर्षं जपलेली त्यांची पोवळी या पौर्णिमेनंतर पहिल्यांदाच अंडी सोडणार होती. पण शनिवारच्या तपासणीत चाळीस पायऱ्यांची शिडी चढता आली नाही, तर आप्पांची रवानगी थेट किनाऱ्यावर. सुट्टीत आलेल्या त्यांच्या नातीला, शाल्मलीला, हे मुळीच बघवणार नव्हतं.

तिने औषधं तयार करणाऱ्या खलबा नावाच्या यंत्रमानवाला गाठलं. जेलच्या नळीवर लिहिलं होतं, शंभर भागांत औषध एकच भाग, बाकीचे निष्क्रिय घटक. हा सगळा कोंडाच, वासही त्याचाच, असं ठरवून तिने तो काढून टाकायला सांगितलं. खलबाने डॉक्टरांची परवानगी घेतली आणि काम केलं. वाटीत चिमूटभर पांढरी पूड उरली. आप्पांनी निमूटपणे ती गुडघ्यावर चोळली आणि ती पिठासारखी जमिनीवर सांडली. शाल्मलीचा चेहरा पडला.

मग खलबाने एकेक बाटली तिच्यापुढे ठेवली. घट्टक (पाणी धरून ठेवणारं बारीक जाळं) जेलला ओघळू देत नाही. ग्लायकॉल (जवळजवळ बिनवासाचा द्रव) औषध विरघळवतो आणि त्याला त्वचेतून आत शिरायला मदत करतो. कोरड्या पुडीला ते जमत नाही.

"निष्क्रिय म्हणजे ते स्वतः दुखणं थांबवत नाहीत, इतकंच," खलबा म्हणाला. "पण औषधाला दुखण्यापर्यंत तेच नेतात."

वास होता कापराचा आणि पुदिन्याच्या सत्त्वाचा. काही जेलमध्ये हे दोन घटकच औषधाचं काम करतात, म्हणून नळी नेहमी वाचायची, असं त्याने बजावलं. आप्पांच्या जेलमध्ये मात्र ते केवळ सुवासापुरते होते. खलबाने तेवढे दोन वगळून नवं जेल घोटलं.

आप्पांनी ते हुंगलं आणि नाक मुरडलं. वासच नाही, तर गुण कुठून येणार?

"आप्पा, तुमचं नाक दुखतंय की गुडघा?" शाल्मलीने विचारलं.

आप्पांनी हसून गुडघा पुढे केला. पुढचे चार दिवस तिने स्वतः, डॉक्टरांनी सांगितलं तितक्याच वेळा, मायेने जेल लावलं.

शनिवारी आप्पा शिडी चढले. अडतिसाव्या पायरीवर थांबले तेव्हा शाल्मलीचा जीव टांगणीला लागला. मग ते उरलेल्या दोन पायऱ्याही चढले.

सोमवारी तिन्हीसांजेला खिडकीबाहेर पोवळ्यांतून अंड्यांचे हजारो गुलाबी कण वर निघाले. आप्पांचे डोळे भरून आले. पलीकडच्या उजाड खडकांवर यातूनच नवी पोवळी रुजणार होती.

"इतक्या लांब यांना कोण नेणार?" शाल्मलीने विचारलं.

"पाणी. आमच्या नोंदींत त्याचं नावसुद्धा नसतं बघ."

"मग लिहा की."

आप्पांनी खरोखरच वही उघडली आणि पोवळ्यांच्या नावाखाली पाण्याचं नाव लिहिलं.