आडव्या टेम्पोचा फोटो

"मालक आज संध्याकाळी सहाला टेम्पोची किल्ली ठेवून जा म्हणालेत," धम्मरत्न म्हणाला. तेरा वर्षं टेम्पो चालवलेला माणूस, पण आज त्याला खुर्चीत बसवत नव्हतं.

दिघीत खासगी तपासाची कामं घेणाऱ्या रश्मीताईंनी त्याचा मोबाइल हातात घेतला. त्यांचा भागीदार सिद्धेश मागून डोकावला. मनाने सरळ माणूस, डोक्याने जरा सावकाश.

'भोसरीचे बेशिस्त' या फेसबुक पानावरचा फोटो काल, गुरुवारी, पडला होता. एमआयडीसीतल्या गल्लीच्या तोंडाशी निळ्या ताडपत्रीचा टेम्पो आडवा, चालकाची जागा रिकामी, मागे अडकलेली रुग्णवाहिका, दोन्हीकडे उघड्या शटरांसमोर जमलेले वर्कशॉपचे कामगार. खाली मजकूर : 'आज सकाळी दहा. चालक धम्मरत्न. लाज वाटू दे.' साडेतीन हजार लोकांनी शिव्या घातल्या होत्या.

"काल टेम्पो कोणाकडे होता?"

"माझ्याकडेच, ताई. सुट्टी म्हणून मालकांनी माझ्या बहिणीचं सामान हलवायला दिला. पण असा लावला नाही हो मी! लेक आज शाळेत गेली नाही. पोरं तिला हाच फोटो दाखवतात."

सिद्धेशची मान खाली गेली. "मीपण पुढे पाठवला होता," तो पुटपुटला.

भोसरीत मालक कोंडीराम तापलेलेच होते. "मंगळवारी रात्री नवी निळी ताडपत्री घातली. बुधवारी ह्यो रजेवर, तर माझ्या पोरानं दिवसभर माल पोचवला. अन् गुरुवारी ह्यानं हे दिवे लावले!"

दुसरा चालक गणराज गालात हसत होता. धम्मरत्न गेला की टेम्पो त्याला मिळणार होता. "मी सोमवारपासून चाकणच्या गाडीवर. ह्या टेम्पोला हात न्हाई लावला."

मालकांचा मुलगा शेखर ते पान चालवायचा. "काल दहाला मी स्वतः उभा राहून फोटो काढलाय, मॅडम. चारचौघांत उघडं पाडल्याशिवाय अशांना अक्कल येत नाही."

सहाला सगळे कोंडीरामांच्या अंगणात जमले. धम्मरत्नने किल्ली पुढे केली.

"थांबा," रश्मीताई म्हणाल्या. "फोटो खरा आहे, दिवस खोटा आहे. सिद्धेश, फोटोतला टेम्पो सोड, त्याच्या मागे बघ."

सिद्धेशने बराच वेळ बघितलं. "शटर उघडी... कामगार..." त्याने कपाळावर हात मारला. "अहो, गुरुवारी एमआयडीसी बंद!"

"शिव्या देणाऱ्यांत निम्मे इथलेच, दर गुरुवारी सुट्टी घेणारे. एकानेही टेम्पोच्या मागे बघितलं नाही. फोटो टाकणाऱ्यानेही नाही. मग हा कधीचा? ताडपत्री निळी, म्हणजे मंगळवार रात्रीनंतरचा. गुरुवारचा नाही. उरला बुधवार. बुधवारी टेम्पो कोणाकडे होता, कोंडीरामभाऊ?"

कोंडीराम पोराकडे वळले.

"चहाला उतरलो होतो," शेखर म्हणाला. "पाचच मिनिटं. लोक फोटो काढायला लागले. कुणीतरी टाकणार, म्हणून..."

"म्हणून तुम्हीच फोटो काढलात आणि पानावर टाकलात. गुरुवारी टेम्पो धम्मरत्नकडे, म्हणून दिवस गुरुवार. चोराच्या उलट्या बोंबा!"

गणराजने फोन उगारला. "आता ह्याचाच फोटो टाकतो!"

"ठेव तो फोन!" धम्मरत्न गरजला. "एका फोटोनं माझी लेक घरात बसवली. आता फोटो नको. शेखर, जिथं माझं नाव टाकलंस, तिथंच खरं काय झालं ते तू लिही. आत्ता, माझ्यासमोर."

शेखरने लिहिलं. कोंडीरामांनी त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. सिद्धेशने तोच मजकूर काल फोटो पाठवलेल्या प्रत्येक ग्रुपवर पाठवला. चौदा ग्रुप निघाले.

"चुकलं माझं," कोंडीराम म्हणाले. त्यांनी दोन्ही हातांनी किल्ली परत दिली.

धम्मरत्नने घरी फोन लावला. "बाळा, उद्या दप्तर भरून तयार राहा. शाळेच्या फाटकापर्यंत मी सोडतो. होय, त्याच टेम्पोतून, पुढच्या सीटवर!"