सरांच्या पायाखालची जमीन

नाचाची जमीन पावलाखाली किंचित दबली पाहिजे आणि लगेच वर आली पाहिजे. दगड दबत नाही. उडीचा सगळा मार नडगीत जातो. पंचवीस वर्षं मी जमिनी बसवायचं काम करतोय, म्हणून सरांना त्यांच्या नृत्यशाळेत संगमरवर घालू नका असं दोनदा सांगितलं होतं. "फोटोत काय झळकतं बघा की!" म्हणत ते हसले. तिसऱ्यांदा मी बोललो नाही. संगमरवर मीच बसवला.

आठ वर्षांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला. दगड उखडून लाकूड घालायचं होतं. बाईंची धाकटी बहीण त्याच दगडावर नाचायची. नडग्या दुखतात म्हणाली, तर सर म्हणाले, नखरे नकोत. हाडाला चीर गेली, वाढली. ऑपरेशनच्या टेबलावरून ती उठलीच नाही. खोलीचं माप सांगावं तशा कोरड्या आवाजात बाईंनी हे सांगितलं.

मी सगळा दगड काढला, लाकडी पट्ट्यांखाली रबराचे तुकडे दिले, वर फळ्या ठोकल्या, अनवाणी उड्या मारून कानाकोपरा तपासला. दुपारी वर्गातल्या मुली नाचल्या. जमीन त्यांना छान झेलत होती. आवाज मऊ, भरीव.

मग सर आत आले. पहिलं पाऊल टाकलं.

टक.

दगडावर पडावं तसं. "इथे खाली काय भरलंत?" ते खेकसले.

मी ती फळी उचकटून दाखवली. रबर आणि पोकळी, बाकी काही नाही. फळी बसवून मी वर उभा राहिलो, दबली. ते उभे राहिले. टक. त्यांनी जागा बदलली. टक. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. बाईंनी त्यांना घरी पाठवून दिलं.

"ही जमीन मला शिकवणार होय!" सरांचा पारा चढला. पाय आपटत त्यांनी नाचायलाच सुरुवात केली. बाई भिंतीला टेकून बसल्या आणि टाळ्यांनी ठेका धरला.

ठेका हळूहळू वाढला. सरांचा चेहरा पांढरा पडत गेला.

"बस," ते म्हणाले. पाय थांबेनात.

"अगं, पुरे कर!"

टाळ्या चालूच राहिल्या. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. माझ्या पायाखाली फळ्या मऊ होत्या. त्यांच्या पायाखाली दगड वाजत होता.

मग वाळकी काटकी मोडावी तसा आवाज आला.

लगेच दुसरा.

रुग्णवाहिका गेल्यावर मी एकेक फळी पुन्हा तपासली. कुठेच दोष नव्हता. बाई अनवाणी, शांतपणे जमीन पुसत होत्या. त्यांच्या पावलांखाली लाकूड अलगद लवत होतं.

"भाऊ," मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुमच्या घरात खाली काय घातलंय?"

मी हत्यारं उचलली.

त्याला आता तीन महिने झाले. रोज सकाळी मी पलंगावर बसूनच पायांत चपला घालतो. घरात अजून एकदाही उघडा पाय टेकवलेला नाही.