गुरुवारचा पार्टनर

यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. रुपाली माझी सख्खी मावसबहीण. तिने मला हे सांगितलं तेव्हा तिच्या दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या, आणि त्या मी स्वतः बदलत होते.

गेल्या जानेवारीतला गुरुवार. दिवस कलायला आला होता. जागा म्हणजे चाकणच्या पुढे, एका टेकडीच्या पोटातली सोडून दिलेली दगडखाण. कुठली ते सांगणार नाही. उगाच कुणीतरी बघायला जायचं.

रुपाली मूळची औशाकडची. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर. राहायला काळेवाडीत, थोरल्या भावाकडे, निरंजनकडे. कंपनीतल्या मुलींबरोबर एकदा किल्ल्यावर काय गेली, डोंगराने तिला झपाटलंच. पोटाला चिमटा काढून कमरेला बांधायचा हार्नेस घेतला. घरात दाराच्या चौकटीला बोटांनी लोंबकळायची. वहिनी म्हणायची, "चौकट निखळली तर घरमालकाला तूच तोंड दे हां."

तिला हिमालयातल्या गिर्यारोहणाच्या कोर्सला जायचं होतं. पिंपरीतला एक क्लब दरवर्षी काही जणांना पाठवतो. पण चाचणीला आपला पार्टनर आपणच आणायचा. एकाने चढायचं, दुसऱ्याने खालून दोर सांभाळायचा. मार्चमध्ये रुपालीचं कॉन्ट्रॅक्ट संपत होतं. मग परत गाव. गावात ना क्लब, ना कडा. हे वर्ष गेलं की सगळंच गेलं.

आणि पार्टनर काही मिळेना.

कारण अगदी साधं होतं. क्लबची मंडळी आयटीतली, त्यांची सुट्टी रविवारी. आमच्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी. ते कड्यावर असतात तेव्हा ही मशीनवर. ग्रुपवर तिने कितीदा तरी विचारलं, गुरुवारी कुणी येईल का? लोक होकाराच्या अंगठ्याचं चित्र टाकायचे आणि विसरून जायचे. सिद्धेश, तिथला शिकवणारा, तेवढा तोंडावर बोलला.

"चढतेस चांगली गं. पण तुला दोर धरता येतो की नाही, कुणी पाहिलंय? आधी पार्टनर आण, मग बोलू."

त्या दिवशी ती बसस्टॉपवर उभी राहून रडली. लाज सोडून रडली.

चाचणी रविवारवर आली. त्या रविवारची रजा तिने हातापाया पडून मिळवली होती, पण पार्टनरचा पत्ता नव्हता. गुरुवारी घरात बसवेना. वहिनीला खाणीचं सांगून तिने स्कूटी काढली. उंच चढायचं नाही, खालच्या खालीच हात मोकळे करायचे, असं ठरवून.

टेकडीपलीकडे खडी क्रशर धडधडत होता. रुपाली खाणीच्या तोंडातून आत वळली...

आणि आवाज थांबला.

क्रशर बंद पडला म्हणावं, तर धूळ तशीच उडत होती.

भिंतीच्या पायथ्याशी एक माणूस उभा होता. पाठमोरा. अंगात कंपनीचा निळा शर्ट, पायात सेफ्टी शूज. दोन्ही हातांत दोर. दोर सरळ वर गेलेला... आणि काठापलीकडे दिसेनासा झालेला.

कुणीही घाबरलं असतं. रुपालीला आनंद झाला! गुरुवारी चढणारं कुणीतरी होतं तर.

"तुमची पण सुट्टी आज?"

"व्हय. गुरुवारचीच की." तो वळला नाही. नजर वरच. "मी ज्योतीराम."

"वर कोण आहे?"

"पार्टनर हाय."

"कधी गेले वर?"

त्याने दोरावरची मूठ घट्ट केली. मग हळूच म्हणाला, "यील."

रुपालीने आपलं सगळं गाऱ्हाणं त्याच्यापुढे मांडलं. त्याने ऐकून घेतलं. वरची नजर न काढता तिला शिकवलंही. पाय कसे रोवायचे, चढणाऱ्याच्या अंदाजाने दोर कसा सोडायचा, झटका आला की कमरेवर कसा पेलायचा. इतकं मन लावून तिला आजवर कुणी शिकवलं नव्हतं.

"उजवा हात दोरावरनं काढायचा न्हाई," तो म्हणाला. "काय बी झालं तरी न्हाई. वरच्याचा जीव तुज्या मुठीत हाय."

तिने धीर करून विचारलं, "रविवारी माझ्याबरोबर याल का, भाऊ?"

"यीन की. पर रिलीव्हर पायजे. जागा सोडून कसा यीऊ?"

हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. कंपनीत पुढच्या शिफ्टचा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत कुणी मशीन सोडत नाही. रिलीव्हर आला नाही, तर पाय तुटेस्तोवर उभं राहायचं. आलेल्याने म्हणायचं असतं, चार्ज घेतला, जा तुम्ही. की मागचा मोकळा.

"मी धरते ना," रुपाली म्हणाली.

त्याने वरची नजर न काढता दोर तिच्याकडे सरकवला.

तिने हार्नेसच्या कडीत दोर ओवला, दोन्ही मुठींत पकडला, आणि रोजच्या सवयीने बोलून गेली, "चार्ज घेतला. जा तुम्ही."

ज्योतीरामने हात सोडले. एवढा मोठा सुस्कारा तिने कधी ऐकला नव्हता.

तिने मागे पाहिलं...

कुणी नव्हतं.

खाणीला बाहेर पडायची वाट एकच, ती वळताच तिच्या नजरेसमोर. कुणीही गेलेलं नव्हतं.

आणि दोर हलला.

वरून दोन हलके झटके. ढील मागतात तसे. तिने थोडा दोर सोडला. पुन्हा झटके. पुन्हा सोडला. भिंत जेमतेम तीन मजली घराएवढी. दोर मात्र वर जातच होता... जातच होता... पायाशी पडलेलं वेटोळं काही कमी होईना.

"वर कोण आहे?" ती ओरडली.

बऱ्याच वेळाने, खूप लांबून आवाज आला.

"पार्टनर..."

सोडून पळावं, असं मनात आलं. पण खरंच कुणी असेल तर? दोराला वजन होतं. माणसाचं असतं तसं, जिवंत, हलणारं. आपण सोडला आणि तो पडला तर? जिला सगळे म्हणत होते दोर धरता येत नाही, ती दोर सोडून पळाली, असं व्हायला नको होतं. ती उभी राहिली. ऊन उतरलं. तळवे सोलवटले. फोन बॅगेत वाजत होता, बॅग हाताच्या टप्प्याबाहेर. ती मोठमोठ्याने रडत होती, आणि रडतारडता दोर सोडत होती.

अंधार पडायच्या आत निरंजन आला. वहिनीने धाडला होता.

"फोन का उचलंना गेलीस? काय करायलीस इथं?"

"दादा, वर माणूस आहे."

त्याने वर पाहिलं. त्याला कुणी दिसलं नाही. त्याने दोराला हात लावला... आणि झटकन मागे घेतला. तिच्या मुठींतून रक्त गळत होतं. ते पाहून त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दे इकडं. मी धरतो. तू घडीभर बस."

निरंजनही तळेगावला मशीनवरच असतो. तेच शब्द त्याच्याही तोंडी बसलेले. तो पाय रोवून तिच्या बाजूला उभा राहिला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "चार्ज..."

रुपालीला ज्योतीरामचा तो सुस्कारा आठवला. इतकी दमली होती ती, की नुसतं गप्प राहिली असती तरी सुटली असती.

"न्हाई दादा!" ती किंचाळली. आणि उजवा हात काढला.

दोर सणसणत वर गेला. कडीतून धूर निघाला. शेवटचं टोक निसटून काठापलीकडे गेलं. वरून कुणी ओरडलं नाही. दोघं भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, पडल्याचा आवाज यायची वाट बघत राहिले.

आवाज आला नाही.

पलीकडे क्रशरची धडधड मात्र पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी निरंजन दोन मित्रांना घेऊन टेकडीच्या माथ्यावर गेला. वर नुसतं वाळलेलं गवत. दोर नाही, माणूस नाही. आजूबाजूला चौकशी केली, कुणाला काही ठाऊक नव्हतं. आजही विचारलं तर निरंजन एकच वाक्य बोलतो, "दोर ताणलेला होता." आणि उठून जातो.

रविवारी रुपाली चाचणीला गेलीच नाही. हात बरे झाले, मार्च आला, कॉन्ट्रॅक्ट संपलं. सामान बांधून झालंय, पण ती गावी जायचं नाव काढत नाही. एवढ्या लांबून तो आवाज ऐकू येणार नाही, म्हणते.

मागच्या गुरुवारी मी तिच्याकडे गेले होते. संध्याकाळी बोलता बोलता तिने एकदम माझ्या तोंडावर हात ठेवला. वहिनीने मिक्सर बंद केला.

"मी सोडलं गं त्याला," ती कुजबुजली. "तो अजून पडतोय."

मी तिला जवळ घेतलं, थोपटलं, समजावलं. काय काय बोलले ते आठवत नाही. पण खरं सांगते, बोलता बोलता मीही कान देऊन ऐकत होते.

तेव्हापासून गुरुवार उजाडला, की मला घरात टीव्ही बंद करवत नाही.